अक्तोशचं दुखणं

खिंड बंद झाल्याची बातमी नुर्दिननं आणली तेव्हा सायराकान चुलीपुढे बोरसोक तळत बसली होती.

"तीन-चार दिवस तरी उघडत नाही आता," दारात बूट आपटत नुर्दिन म्हणाला. "वर माणूसभर बर्फ साचलाय. नारिन शहराला निघालेली मिनीबस अर्ध्या वाटेतून परत आली."

"बरं झालं," सायराकान म्हणाली आणि पिठाचे आणखी चार तुकडे कढईत सोडले.

काय बरं झालं ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. समोर बटाटे सोलत बसलेल्या तिच्या सुनेनं, बरचिननं, मान वर केली नाही, पण तिच्या हातातली सुरी क्षणभर थांबली. सायराकानची लेक कानिशाय पाच वर्षांनी रशियातून घरी आली होती. नव्या वर्षाच्या सुट्टीचा आठवडा राहायचं आणि सहा तारखेला दहा वर्षांच्या बेगिमायला, आपल्या मुलीला, बरोबर घेऊन जायचं, असं तिनं फोनवरच ठरवून टाकलं होतं. रस्ता जितके दिवस बंद, तितके दिवस पोर घरात. सासू आणि सून एरवी मिठाच्या चिमटीवरून भांडायच्या, पण या एका गोष्टीत दोघींचं एकमत होतं. नुर्दिन मात्र बहिणीच्या बाजूनं होता. "आईजवळच राहू दे ना लेकराला," असं तो दोन वर्षं म्हणत आला होता, आणि त्यापायी बायकोशी त्याचं धड बोलणं नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी बरचिनची कूस उजवली नव्हती. बेगिमाय तिच्या कुशीत झोपायची.

दार ढकलून बेगिमाय आत आली. पापण्यांवर बर्फ, टोपी तिरकी.

"आई, अक्तोशनं आज पण काही खाल्लं नाही."

सायराकाननं मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात संत्री पुसून ताटात रचत बसलेल्या कानिशायनंही पाहिलं, आणि मग ती पुन्हा संत्री पुसू लागली. बेगिमाय आजीला आई म्हणायची. कानिशायला ती नुर्दिनचं ऐकून ताई म्हणत असे.

"नुसतं पाणी पितेय. घमेलंभर प्यायली आणि ओकली. आणि पोट बघ ना तिचं, कसं फुगलंय!"

"पिल्लं असतील," नुर्दिन म्हणाला.

"बाराव्या वर्षी?" बरचिन म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच."

सायराकान हात पुसत उठली. अक्तोश म्हणजे तिच्या नवऱ्याची, शारशेनची, शिकारी कुत्री. लांब पायांची, काळी, छातीवर पांढरा पट्टा. शारशेन गेल्यापासून तीन हिवाळे ती गोठ्याच्या दाराशी झोपत आली होती, पण आता वासरांच्या चाऱ्यात अंग मुडपून पडली होती. सायराकान आल्यावर तिनं शेपूट एकदा हलवलं, तेवढंच. सायराकाननं तिच्या पोटाला हात लावला तशी ती कण्हली. शेपटीखालचे केस चिकट झाले होते आणि त्यांना वाईट वास येत होता.

"आत घ्या तिला," सायराकान म्हणाली.

"घरात?" नुर्दिन चकित झाला. "अगं, बाबा असते तर... कुत्रं असतं त्या घरात फरिश्ते येत नाहीत म्हणायचे ते."

"फरिश्त्यांना म्हणावं आठवडाभर शेजारी राहा. उचल तिला, कमरेतून नको, छातीखाली हात घाल."

त्या संध्याकाळी नव्या वर्षाचं जेवण झालं. सॅलड झालं, मटण झालं, टीव्हीवर गाणी झाली. बेगिमाय जेवायला बसली ती अक्तोशच्या शेजारी, जुन्या लोकरीच्या नमद्यावर, आणि आपल्या वाटीतला मटणाचा रस्सा बोटानं तिच्या जिभेला लावत राहिली.

"ताई," तिनं मध्येच विचारलं, "तुमच्या हॉस्पिटलात असं पोट फुगलेली माणसं येतात का गं?"

"येतात," कानिशाय म्हणाली.

"मग त्यांना काय देता?"

"डॉक्टर ठरवतात ते."

"पण इंजेक्शन तर तूच देतेस ना?"

कानिशाय पेल्यात चहा ओतायला लागली. पेला भरून चहा बशीत सांडला तेव्हा बरचिननं पटकन फडकं पुढे केलं आणि बोलणं तिथंच राहिलं.

*

एक तारखेला दुपारी कादिर घोड्यावरून आला. पलीकडच्या गावात राहणारा हा गुरांचा डॉक्टर शारशेनचा दोस्त. साठीच्या पुढचा, मिशांना बर्फाचे खडे लागलेला. त्यानं अक्तोशला तपासलं आणि चहा हातात घेऊनच बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, गर्भाशय पुवानं भरलंय. पिशवी काढायला हवी. नाहीतर दोन दिवस, फार तर तीन."

"मग काढा की," नुर्दिन म्हणाला.

"नारिनला असती तर एव्हाना टेबलावर घेतली असती त्यांनी. मी आयुष्यभर गायी आणि मेंढ्या कापल्यात. कुत्री एकदाच, तीही सोव्हिएत काळात, आणि ती..." त्यानं बेगिमायकडे पाहून वाक्य गिळलं. "गुंगीचं औषध आहे माझ्याकडे. पण एकट्यानं जमणार नाही. बाजूला हात न थरथरणारं माणूस पाहिजे, ऑपरेशनची खोली पाहिलेलं."

"माझी ताई नर्स आहे!" बेगिमाय उभीच राहिली. "रशियात, मोठ्या हॉस्पिटलात! ती ऑपरेशनच्या खोलीतच असते. हो ना गं ताई? सांग ना!"

सगळ्यांनी कानिशायकडे पाहिलं. आई, भाऊ, डॉक्टर. त्यातही आईची नजर तिला सहन झाली नाही, कारण त्या नजरेत अभिमान होता.

"असते," कानिशाय म्हणाली.

"मग झालं तर!" कादिर मोकळा हसला. "शारशेन मला म्हणायचाच, माझी पोरगी नर्स झालीय. उद्या उजेड चांगला पडला की येतो. टेबल खिडकीपाशी घ्या, पाणी उकळून ठेवा."

*

बरचिन गाय पिळायला गेली तेव्हा सूर्य डोंगराआड जायला तासभर होता. कानिशाय गोठ्यात अक्तोशच्या रिकाम्या जागेवर बसली होती. पायांपाशी चाऱ्यावर कुत्रीच्या अंगाचा खळगा तसाच होता.

बरचिन गाईखाली बसली. बादलीत धार वाजू लागली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वन्सं, उद्या सुरी हातात घेऊ नका."

"का?"

"का ते तुम्हाला ठाऊक."

बरचिननं गाईच्या पोटाला डोकं टेकवलं आणि तसंच बोलत राहिली. "मी इथल्या शाळेत चार वर्षं फरशी पुसलीय. ते पांढऱ्या पावडरचं पाणी असतं ना, त्यानं बोटांच्या पेरांना अशा चिरा पडतात आणि नखांच्या कडा पिवळ्या होतात. तुम्ही आलात त्या दिवशी हातमोजे काढलेत, तेव्हाच मी पाहिलं."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"नाही."

"बोलली असतीस तर पोरगी इथंच राहिली असती. आईनं सोडलीच नसती. तुला तेच हवंय ना?"

"हवंय," बरचिन म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "दोन दिवस जिभेवर होतं माझ्या. सकाळी उठते ती आता सांगतेच म्हणून उठते. मग ती पोरगी तुमचा फोटो घेऊन बसते. दप्तरात ठेवते, वर्गात दाखवते. माझ्या ताईनं आज चार माणसं वाचवली, म्हणते. चार! आकडा पण स्वतःच ठरवते. कसं सांगू मी?"

कानिशायनं तोंडावर दोन्ही हात घेतले. नारिनच्या मेडिकल कॉलेजात ती दोन वर्षं शिकली होती. मग बेगिमाय पोटात आली, नवरा कझाकस्तानात गेला तो गेलाच, आणि शिकणं सुटलं. रशियातून पहिला फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, हॉस्पिटलात काम मिळालं म्हणजे नर्सचंच ना? तिनं हो म्हटलं होतं. एकदाच. बाकीची पाच वर्षं ते हो आपोआप वाढत गेलं.

"बाबा गेले ते तेच मनात घेऊन गेले," ती म्हणाली.

"मामंजी सुखानं गेले," बरचिन म्हणाली. "पण ही जिवंत आहे."

*

दोन तारखेला सकाळी चहाच्या वेळी कानिशायनं सांगून टाकलं. प्रस्तावना नाही, रडणं नाही. आपण नर्स नाही, हॉस्पिटलची फरशी पुसतो, ऑपरेशनच्या खोल्याही पुसतो, माणसं बाहेर नेल्यावर.

बेगिमाय पाटावर आपला शाळेचा पांढरा एप्रन पसरून इस्त्री केल्यासारखा हातानं सपाट करत होती. ताईला घालायला. तिचा हात तसाच राहिला.

आधी नुर्दिन भडकला. "दोन वर्षं! दोन वर्षं मी या घरात तुझ्यासाठी भांडतोय, ताई! बायकोला बोल बोल बोललो. राहतेस कुठं तू? पोरीला ठेवणार कुठं होतीस?"

"एका खोलीत सहा जणी राहतो. एक जण जाणार होती, मग तिची खाट..."

"खाट! वा! आम्ही इथं शाळेच्या गोष्टी करतोय आणि ही म्हणते खाट!"

"आवाज चढवू नका," बरचिन म्हणाली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, तिला स्वतःलाही. "फरशी पुसणं म्हणजे चोरी केली का त्यांनी? तुमची बायको पण पुसतच होती. तेव्हा नाही लाज वाटली?"

"मी कामाबद्दल बोलतोय का? खोटं बोलली ती!"

सायराकानच्या डोळ्यांपुढे शारशेन होता, शेवटच्या हिवाळ्यातला, श्वास लागलेला. येईल त्या प्रत्येकाला उशीशी बोलावून तो लेकीच्या नोकरीचं सांगायचा. वैद्य आला तर त्यालाही. सायराकाननं तेव्हा एकदा मनात म्हटलं होतं, नर्स आहे तर बापाच्या दुखण्यात दोन शब्द कसे सांगत नाही, नुसतीच रडते कशी फोनवर? म्हटलं होतं आणि मनातच दाबून टाकलं होतं. म्हणजे आपल्यालाही कळलंच होतं की काय?

"आई, काहीतरी बोल," कानिशाय म्हणाली.

"चहा गार होतोय," सायराकान म्हणाली. "पी."

बाहेर घोडा खिंकाळला. कादिर पिशवी घेऊन आत आला, हात चोळत. "चला, कुठंय आमची नर्स?"

"नर्स नाहीये," बेगिमाय म्हणाली. तिनं एप्रनची घट्ट घडी केली. "फरशी पुसणारी आहे."

कादिरनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग कानिशायला विचारलं, "रक्त बघून चक्कर येते तुला?"

"नाही."

"ओकारी?"

"नाही."

"मग हात धू. कोपरापर्यंत. त्या कुत्रीकडे दुसरं कुणी नाही आणि माझ्याकडे पण नाही."

*

टेबल खिडकीपाशी घेतलं होतं. बर्फावरून येणारा उजेड इतका पांढरा की दिव्याची गरज लागली नाही. सायराकान बेगिमायला घेऊन शेजारणीकडे जाणार होती, पण पोरगी हलली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

कानिशायनं अक्तोशची मान धरली होती. गुंगी चढली तशी कुत्रीची जीभ एका बाजूला लोंबली. कादिर मागेल ते ती द्यायची, दाबायला सांगेल तिथं दाबायची. एकदा रक्त जोरात आलं. कादिरच्या कपाळावर घाम फुटला, त्याच्या बोटांना शीर सापडेना. "कुठं गेली... अरे, कुठं गेली..." कानिशायनं कापड खुपसलं आणि त्यावर मूठ दाबून धरली. "काका, सावकाश. मी धरलंय. सावकाश बघा." तिचा स्वर असा होता की कादिरनं मुकाट्यानं श्वास घेतला आणि पुन्हा बघायला लागला. शीर सापडली.

काढलेली पिशवी दोन्ही हातांत मावेना एवढी होती. नुर्दिननं ती बादलीतून बाहेर नेली आणि बराच वेळ आत आला नाही.

शिवून झाल्यावर कादिर खुर्चीत बसला. "मी सांगतो ते नीट ऐका. विष रक्तात किती गेलंय ते मला माहीत नाही. जगली तर तिचं नशीब. पण टेबलावर मेली नाही ती हिच्यामुळं." त्यानं कानिशायकडे बोट केलं. कानिशाय तोवर गुडघ्यांवर बसून जमिनीवरचं रक्त पुसू लागली होती. आधी थंड पाण्यानं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

भिंतीपासून वळून बेगिमायनं तिला पाहिलं.

*

तीन तारखेला अक्तोशनं डोकं उचललं. दुपारी कोमट दूध प्यायली, चार घोट. बेगिमायनं अंगणात जाऊन बर्फात लोळण घेतली. घरात दोन दिवसांनी कुणीतरी हसलं. नुर्दिन बहिणीला म्हणाला, "मीठ दे गं इकडे," आणि तेवढ्यावरच त्यांचं मिटलं. बरचिननं रात्रीच्या कणकेत जास्तीचं लोणी घातलं.

चार तारखेला उजाडताना बरचिन चूल पेटवायला उठली. अक्तोश दाराकडे तोंड करून पडली होती. रात्रीतून कधीतरी नमद्यावरून सरपटत उंबऱ्यापर्यंत आली असावी. बाहेर जायचं असेल, आयुष्यभराच्या सवयीनं. बरचिननं तिच्या नाकापुढे हात धरला. मग ती जाऊन सासूला न उठवता, नवऱ्याला न उठवता, कानिशायपाशी बसली आणि तिचा खांदा हलवला.

"वन्सं. गेली ती."

कानिशाय उठून बसली.

"बेगिमायला मी सांगू?" बरचिननं विचारलं. "रोज मीच उठवते तिला."

कानिशायनं पांघरूण बाजूला केलं. "नाही. मी सांगते. या वेळी मीच सांगते."

बेगिमाय रडली नाही. पांघरुणातून हात बाहेर काढून तिनं एवढंच विचारलं, "खरं सांगतेस?"

*

हिवाळ्यात मेलेलं कुत्रं गावात सगळे ओढ्यापलीकडच्या घळीत टाकून येत. नुर्दिन तेच म्हणाला. बेगिमायनं मान हलवली. नाही. त्यानं कुदळ मारून दाखवली. दगडावर मारावी तशी ती टणकन उलटली.

"बघ, हातभर खोल गोठलंय. कसं खणू, सांग?"

"जाळ कर," सायराकान दारातून म्हणाली. "तुझ्या आज्याला पुरलं ते पण जानेवारीतच. दिवसभर जाळ केला होता."

नुर्दिननं जर्दाळूच्या झाडाखालचं बर्फ ओढलं, गोवऱ्या रचल्या, वर एक फाटका टायर टाकला. काळा धूर सरळ वर गेला. जमीन मऊ व्हायला संध्याकाळ होणार होती. जाळ सांभाळायला कुणीतरी बसायला हवं होतं. बेगिमाय बसली. थोड्या वेळानं कानिशाय येऊन दुसऱ्या बाजूला बसली.

बराच वेळ गेल्यावर बेगिमाय म्हणाली, "तिथं रोज रक्त असतं?"

"रोज नाही. बऱ्याचदा."

"घाण वाटते?"

"पहिल्या महिन्यात वाटायची. जेवण जायचं नाही."

"माणसं मरतात?"

"मरतात. मग आम्हाला बोलावतात."

"मग तू काय करतेस?"

"आधी खिडकी उघडते. मग पुसते."

बेगिमायनं काडीनं एक गोवरी आत ढकलली. "आणि ती शाळा? तू फोनवर सांगायचीस ती, तळ्याजवळची?"

"शाळा आहे. मी बाहेरून पाहिलीय. कामाला जाताना बस तिच्यावरून जाते."

"माझं नाव घातलंयस?"

"नाही."

"चौकशी केलीस?"

"एकदा फाटकापर्यंत गेले. मग परत आले."

धूर वळला तशी दोघींनी तोंडं फिरवली. बेगिमायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं होतं की कशाचं, कानिशायनं विचारलं नाही.

"या खेपेला तुला नेत नाही मी," ती म्हणाली. "खोलीत जागा नाही. आणि दिवसभर तुझ्याजवळ कुणी नसणार. हे खरं आहे."

"मी येणारच नव्हते," बेगिमाय म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "दप्तर भरून ठेवलं होतं पण."

सायराकान खिडकीतून पाहत होती. एकमेकींपासून हातभर अंतरावर दोन टोप्या, मध्ये जाळ. हवं होतं ते झालं होतं. पोरगी राहणार होती. शेजारी उभ्या असलेल्या बरचिनकडे तिनं पाहिलं, बरचिननं तिच्याकडे, आणि दोघींपैकी एकीलाही दुसरीच्या डोळ्यांत आनंद दिसला नाही.

"किती वाळलीय ही," सायराकान म्हणाली. "आली तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. माझं सगळं लक्ष ती काय न्यायला आलीय त्यावर."

"आत बोलावू का?"

"नको. बसू देत."

अंधारायच्या आत नुर्दिननं खड्डा खणला. अक्तोशला तिच्याच नमद्यात गुंडाळून ठेवलं. वाफाळणाऱ्या काळ्या मातीवर थोड्याच वेळात पुन्हा बर्फ पडायला लागलं.

*

सहा तारखेला खिंड उघडली. सकाळी मिनीबस रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवू लागली. सायराकाननं लेकीच्या पिशवीत बोरसोक भरले, मग लोणी, मग सुकवलेलं मांस, मग पिशवी बंद होईना म्हणून चिडली. निरोपाच्या वेळी तिनं कानिशायचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, पेरांवरच्या चिरांवर चरबीचं मलम चोळलं. एकेका बोटाला. हॉर्न वाजत राहिला तरी घाई केली नाही.

"पुढच्या फोनवर काय खाल्लंस ते सांग," ती म्हणाली. "बाकीचं मी विचारणार नाही."

"विचार, आई," कानिशाय म्हणाली.

बेगिमायनं पिशवीचा एक बंद धरला, कानिशायनं दुसरा. ओली पायवाट अरुंद होती, दोघी पुढेमागे होत चालल्या. रस्त्यावर ड्रायव्हरनं पिशवी वर फेकली. कानिशाय मुलीसमोर वाकली, तिचा स्कार्फ नीट केला. नीटच होता, तरी केला.

"बघ, उन्हाळ्यात मी..."

"नको सांगूस," बेगिमाय म्हणाली. रागानं नाही. मोठं माणूस समजावतं तशी. "यायचं असेल तेव्हा ये. आधी नको सांगूस."

कानिशायनं मान डोलावली. मिनीबसचं दार सरकलं. बेगिमाय रस्त्याच्या कडेला उभी राहिली, गाडी ओढ्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग कुणी हाक मारायच्या आत घराकडे वळली.